रेघ नसलेली गोळी

पवनार, १२ डिसेंबर २०२४

अपेक्षा,

तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर याआधी कधी आली नव्हती. तुझा फोन बंद आहे. डॉक्टरांनी काही दिवस फोन देऊ नका म्हणून सांगितलंय, असं मंजुषाताई म्हणाल्या; तुझी थोरली बहीण म्हणून आता त्याच सगळं बघतात. मी दोनदा तुझ्या वॉर्डाच्या जिन्यापर्यंत येऊन गेलो. दोन्ही वेळा मामाजी, लेकीची राखण करत असल्यासारखे, खालच्या पायरीवर बसलेले होते. "जा बाप्पा तू," एवढंच म्हणाले. मी आलो परत. मग ताईच म्हणाल्या, लिहून द्या, तिची इच्छा असली तर वाचेल. म्हणून लिहितो. लिहायला बसलं की माझा हात शाळेतल्यासारखा शुद्ध चालतो. तुला हसू येईल. आलं तर बरंच.

त्या बुधवारी मी वर्ध्याच्या बाजारात होतो. वांगी उतरवून झाली होती, पालक आणि हिरव्या सांभाराच्या जुड्या राहिल्या होत्या. आईचा फोन आला तर नुसतं रडणं ऐकू येत होतं. मग कोणीतरी फोन हातात घेतला आणि म्हणालं, "तुही बायको नदीत गेलती. काढली बाहेर. जित्ती हाये. लवकर ये." जुड्या तिथंच टाकून निघालो. पवनारपर्यंतचा रस्ता रोजचाच, पण कसा आलो ते आठवत नाही.

तुला घाटावरून काढलं ते यशोदाबाईनं. ती धुणं घेऊन आली होती. म्हणते, "अशी सरळ चालत गेली पाण्यात, जशी आठवडी बाजाराले चालली." तिनं मागून जाऊन तुझा दंड धरला. तिच्या हातावर तुझ्या नखांचे ओरखडे आहेत. कोणी विचारलं की पदर सारून दाखवते.

पोटातलं बाळ ठीक आहे, हे मला ताईंकडून कळलं. तू कशी आहेस ते कोणी नीट सांगत नाही.

घरी आईच्या बोलण्याचं काही मनाला लागलं असेल तर सांग. तिचा स्वभाव तुला माहीत आहे. आणि तुझी गोळ्यांची डबी इथंच राहिली, ती मागवू नको. दवाखान्यातून नवीन देतीलच.

आदेश


पवनार, १९ डिसेंबर २०२४

अपेक्षा,

आज सकाळी बोरगाव मेघेला ताईंच्या घरी गेलो होतो. भाजीचं निमित्त केलं. ताईंनी पिशवी घेतली, चहा विचारला नाही. मीही दारातच उभा राहिलो.

त्यांनी सांगितलं की पहिल्या दिवसापासून तुझ्या उदासीवरच्या गोळीचा डोस दुप्पट केला आहे आणि तो तुला सोसत नाही. उलट्या होतात. हात थरथरतात. पलंगावर दोन मिनिटं बसवत नाही, सारखी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालतेस. डॉक्टरांनाही उमजत नाही, कारण दीड वर्ष तीच गोळी तुला नीट चालली होती. त्यांना वाटतं, तिचा असर संपला. सोमवारी सगळे मोठे डॉक्टर बसून ठरवणार आहेत. औषध बदलायचं, सोबत दुसरंही एक द्यायचं, आणि तरी जिवाचा धोका वाटला तर डोक्याला विजेचे शॉक द्यायचे. गरोदरपणातही देता येतात, असं डॉक्टर म्हणाल्या. हे सांगून ताईंनी पिशवी खाली ठेवली.

मग त्यांनी मला विचारलं, "गोळी ती रोज घेत होती ना? तुमच्यासमोर?"

मी म्हटलं, "हो. रोज. माझ्यासमोर."

हे खोटं नाही. जेवण झालं की तू डबी उघडायचीस, मी पाण्याचा गडवा पुढं करायचो. एक दिवस चुकला नाही.

ताई म्हणाल्या, "मंग देवच जाणे."

मी घरी आलो. दुपारपासून वाफ्याला पाणी लावून बसलो आहे. पाणी कधीच भरून पलीकडच्या बांधावरून वाहून चाललंय, आणि मला उठवत नाही. सोमवारला चार दिवस आहेत.

आदेश


पवनार, २२ डिसेंबर २०२४

अपेक्षा,

काल डॉक्टरांना जे सांगितलं ते आज तुला सांगतो. हे पत्र तुला आत्ता द्यायचं की नाही, हे त्या ठरवतील. तसं माझं आणि त्यांचं बोलणं झालं आहे.

ऑगस्टच्या दहा तारखेपासून तुझ्या डबीत तुझी गोळी नव्हती.

पाकिटातून गोळ्या काढून डबीत भरायचं काम माझंच होतं. तुला ते पाकीट डोळ्यांसमोर नको असायचं, म्हणून आपण तसं ठरवलं होतं. त्या महिन्यात मी तुझ्या गोळ्या आणल्या आणि दुसऱ्या दुकानातून जीवनसत्त्वाच्याही आणल्या. तेवढ्याच, तशाच पांढऱ्या. फक्त मधली रेघ नव्हती. तू दुसऱ्याच दिवशी ओळखलंस. म्हणालीस, "याच्यावर रेघ नाई." मी म्हटलं, "कंपनी बदलली." तू बरं म्हणून गिळलीस.

तुला दिवस राहिले तेव्हा आपण दोघं डॉक्टरांकडे गेलो होतो. तूच विचारलंस, गोळी चालू ठेवू का. त्यांनी समजावून सांगितलं होतं की या गोळीचा बाळाला धोका फार थोडा आहे, आणि बंद केली तर तुझा आजार उलटण्याचा धोका मोठा आहे. म्हणाल्या होत्या, "आपल्या मनानं बंद करू नका. काही वाटलं तर मला येऊन विचारा." मी मान हलवली होती. पण माझ्या डोक्यातून मागच्या वर्षीचं जात नव्हतं. पोटातलं दोन महिन्यांचं गेलं तेव्हाही तू गोळी घेत होतीस. डॉक्टर तेव्हाही म्हणाल्या होत्या, गोळीचा संबंध नाही, अशी कितीतरी जातात. मी ऐकलं, पण मला पटलं नाही. मोबाइलवर नको ते व्हिडिओ बघत बसायचो. एकात एक बाई सांगत होती की तिच्या बाळाच्या हृदयाला भोक निघालं. खरी होती की खोटी, देवाला माहीत. तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस, किंवा ऐकून घाबरली असतीस. म्हणून तुला न सांगता केलं. तेव्हा मला ते मोठं शहाणपण वाटलं होतं.

चार-पाच दिवसांत तुला चक्कर यायला लागली. म्हणायचीस, "डोक्यात करंट मारल्यावानी होते." मी म्हटलं, पोटुशीपणात होतं. मग कारण नसताना रडू. मग जेवण सुटलं. मग केस विंचरायचे राहिले. मग तू गादीवर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागलीस, अगदी पहिल्या वेळेसारखी. तरी गोळी मात्र रोज घेत होतीस. माझ्या हातून.

काल शनिवारी सकाळी मी डॉक्टरांच्या खोलीबाहेर ताईंना घेऊन गेलो. काय आहे ते ताईंना आधी सांगितलं नाही, एकट्यानं आत जायचा धीर नव्हता एवढंच. खऱ्या गोळ्यांची पाकिटं मी वावरातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत पाइपामागं ठेवत गेलो होतो. फेकायला हात धजला नव्हता. ती सगळी टेबलावर ठेवली. एकही उघडलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी एक पाकीट उलटं करून तारीख बघितली. "कधीपासून?"

"दहा ऑगस्ट."

"म्हणजे ती चार महिने औषधाशिवाय होती. आणि तिला हे माहीत नाही."

"नाई."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग नर्सला बोलावून दुपारचा डोस थांबवायला सांगितलं. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आम्ही तिला एकदम मोठा डोस देत होतो, चार महिने काहीच न घेतलेल्या माणसाला. म्हणून तो सोसला नाही. सोमवारी आम्ही तिची चांगली चाललेली गोळी बंद करणार होतो. तुम्ही आज आला नसता तर केलीच असती." त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला मान खाली घालून उभं राहता आलं असतं.

ताई बाहेर आल्या आणि बाकड्यावर बसल्या. म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुमच्या आईले नाई नाई ते बोलली. तुमी तिथंच उभे होते."

हो, मी तिथंच उभा होतो. तू पहिल्या दिवशी दाखल झालीस तेव्हा ताई आईला म्हणाल्या होत्या की टोमणे मारून मारून तुम्हीच तिला नदीपर्यंत नेलं. आई पदरात तोंड घालून रडत होती, आणि मी औषधांची चिठ्ठी वाचत असल्यासारखं केलं होतं. तुला लिहिलेल्या पहिल्या पत्रातसुद्धा मी आईचंच नाव पुढं केलं. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं.

माफी मागायला हे पत्र लिहीत नाही. ती कोणत्या तोंडानं मागायची ते मला कळत नाही.

आदेश


पवनार, १५ जानेवारी २०२५

अपेक्षा,

तू पत्र वाचलंस, हे ताईंनी सांगितलं. डॉक्टर समोर बसल्या होत्या म्हणे. वाचून तू ते घडी करून परत दिलंस आणि दोन दिवस कोणाशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी विचारलंस, "मंग मले खरी गोळी लागू पडते?" डॉक्टर हो म्हणाल्या तेव्हा तू रडलीस, आणि त्या रडण्यानं ताईंना उलट बरं वाटलं.

आता लहान डोसपासून पुन्हा चढवत आणलंय, उलट्या थांबल्या, शॉकचं नाव निघालं नाही, तुला ताईंकडे आणलं, काल तू स्वतः तीळ भाजलेस. ही बातमी मला ताई फाटकाबाहेर येऊन देतात. मी फाटकाच्या आत जात नाही. भाजी देतो, ती त्या घेतात. तू ती खातेस का, हे विचारायचं दर वेळी राहून जातं.

मामाजी गेल्या आठवड्यात समुद्रपूरहून सरळ आमच्या वावरात आले. मला वाटलं मारतील. ते बांधावर बसले आणि म्हणाले, "काऊन केलं रे?" मी सांगायला लागलो, मागच्या वेळेचं, व्हिडिओचं, बाळाचं. ते ऐकत होते, पण मलाच ते ऐकवेना. अर्ध्यात थांबलो. लांबून आले होते म्हणून पाणी दिलं. त्यांनी तांब्या घेतला, खाली ठेवला, आणि न पिता उठून एसटीला गेले.

आईलाही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग चुलीपुढून उठून ओसरीवर जाऊन बसली. संध्याकाळी म्हणाली, "मले इचारलं असतं ना, तर मीबी तुले हेच कर म्हटलं असतं. म्हणून मले बोलाले तोंड नाई." तुझं सातव्या महिन्याचं डोहाळजेवण करायचं तिनं ठरवलं होतं. त्यासाठी आणलेलं हिरवं लुगडं ताईंकडे पाठवू का म्हणून विचारत होती. मी म्हटलं, राहू दे.

एक गोष्ट सारखी मनात येते. आत्ता तुला गोळी कोण देतं?

आदेश


वर्धा, १३ मार्च २०२५

अपेक्षा,

हे दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बसून लिहितोय. तू वर, दुसऱ्या मजल्यावर आहेस. पोरगी तिसऱ्यावर, नवजात बाळांच्या खोलीत. मी खाली आहे.

परवा सकाळी ताईंचा फोन आला. "मुलगी झाली. दोघी बऱ्या हायेत." मी हो म्हटलं. त्यांनीच फोन ठेवला. आईला सांगितलं तर ती देवापुढं दिवा लावून आली आणि म्हणाली, "मी येऊ का?" मी म्हटलं, मलाच कोणी ये म्हटलेलं नाही.

तरी आलो. काल दुपारी ताईंनी मला तिसऱ्या मजल्यावर नेलं, दोन मिनिटांसाठी. काचेतून दाखवलं. अपेक्षा, ती कापत होती. हातपाय असे थरथरत होते जसे थंडीत थरथरतात, आणि रडणं बारीक, चिरकं. दूधही नीट ओढत नाही म्हणाले. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, "आई ही औषधं घेत असेल तर काही बाळांना असं होतं. म्हणूनच लक्ष ठेवलंय. दोन-चार दिवसांत शांत होतं." ताईंना हे आधीपासून माहीत होतं. तुलाही माहीत होतं म्हणे, डॉक्टरांनी आठव्या महिन्यातच सांगून ठेवलं होतं. फक्त मलाच कोणी सांगितलं नव्हतं.

आता जे लिहितो ते न लिहिलं तरी चाललं असतं. त्या काचेसमोर मला एक क्षण वाटलं, बघा, मी म्हणत होतो ते खरं होतं. आतून बरंही वाटलं. कापणाऱ्या लेकराकडे बघून बापाला बरं वाटलं. आणि मग मला यशोदाबाईच्या हातावरचे ओरखडे आठवले, आणि हे लेकरू काचेपलीकडे का होईना पण आहे, हे ध्यानात आलं. मी जिन्यात जाऊन बसलो.

आज सकाळी कळलं की कापणं बरंच कमी झालंय आणि तिनं दोनदा दूध घेतलं. तू वरून खाली, खालून वर स्वतः चालत जाऊन तिला पाजतेस.

मी इथंच आहे. काही लागलं तर ताईंजवळ निरोप दे. काही लागणार नाही, ते माहीत आहे.

आदेश


पवनार, २१ एप्रिल २०२५

अपेक्षा,

काल समोर होतो तेव्हा जे बोलता आलं नाही ते लिहितो.

ताईंनी मला निरोप दिला तेव्हा खरं वाटलं नव्हतं. रविवारी समुद्रपूरला, तिच्या माहेरी या, एक तास, मामाजी घरी असतील. पोरीचं नाव रेवती ठेवलं, हेही त्यांनीच सांगितलं. चांगलं आहे नाव. मी एसटीत ते पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं, ओठ न हलवता.

तू ओसरीत सुपात गहू निवडत होतीस. अंगानं थोडी भरली होतीस. केस विंचरलेले होते. मामाजी खाटेवर बसलेले, तोंड रस्त्याकडे. मी उन्हाचं काहीतरी बोललो. मग तू सूप बाजूला ठेवलंस.

"एक इचारायचं होतं तुम्हाले," तू म्हणालीस. "लिहून नाई द्यायचं. इथंच सांगायचं."

मी म्हटलं, "विचार."

"नोव्हेंबरात मी वांगे तोडता तोडता खाली बसली होती. तुमी टोपलं घेऊन आले. मी तुम्हाले म्हटलं होतं, आता मले गोळीबी लागू पडत नाई, आता माह्यासाठी काईच उरलं नाई. आठवते?"

"आठवतं."

"तेव्हा तुम्हाले समजलं होतं, हे काऊन होऊन राह्यलं ते?"

पत्रात मी हे लिहिलं नव्हतं. तीन पानं लिहून हे तेवढं लिहिलं नव्हतं, आणि तू नेमकं तिथंच बोट ठेवलंस. खोटं सांगता आलं असतं. घाबरलो होतो, कळलं नव्हतं, असं काहीही. मामाजींनीही मान वळवली होती.

मी म्हटलं, "हो. समजलं होतं."

"मंग?"

"आदल्याच आठवड्यात सोनोग्राफी झाली होती. बाळाचं सगळं बरोबर निघालं होतं. मले वाटलं, इतके दिवस निघाले, अजून थोडे निघतील. बाळंतपण झालं की खऱ्या गोळ्या भरून टाकू, तुले समजणारबी नाई."

तू माझ्याकडे बघितलंस. रागावलेली दिसत नव्हतीस. एखादा हिशोब जुळला की माणूस जसं बघतं, तसं बघत होतीस. म्हणालीस, "म्हणजे तुमी आमा दोघींले तोललं."

मी हो म्हटलं की नाही, मला आठवत नाही.

मग तू उठलीस, पाळण्यातून रेवतीला काढलंस आणि माझ्या मांडीवर ठेवून आत निघून गेलीस.

मी तिला पहिल्यांदा हात लावला. मान कशी धरायची ते मला माहीत नव्हतं. मामाजी पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले. ती झोपेत होती, ओठ हलवत होती, कापत नव्हती. माझा तास संपला. साडेचारची एसटी आवाज करत गेली. तू बाहेर आली नाहीस, मामाजींनी पोर मागितली नाही, आणि तिला कोणाच्या हाती देऊन उठायचं ते मला कळेना. हे तू मला दिलंस की शिक्षा म्हणून बसवून ठेवलंस, याचा विचार करत होतो. पाय बधिर झाले तरी हललो नाही, ती जागी होईल म्हणून.

शेवटी ती भुकेनं रडली तेव्हा तू आलीस. तिला उचलून खांद्याशी घेतलंस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "पुढच्या रविवारी येऊ नका. माही दवाखान्याची तारीख हाये. ताई येते संग."

मी विचारलं, "आणि त्याच्या पुढच्या?"

तोवर तू आत गेली होतीस. ऐकलंस की नाही ते कळलं नाही. मामाजींनी खाटेवरून उठून माझ्यासाठी दार उघडलं, बाहेरचं.

त्याच्या पुढच्या रविवारी यायचं की नाही, तेवढं ताईंजवळ सांगजो. नाही म्हणालीस तरी मी ऐकून घेईन. पण सांगजो.

आदेश